अडचणीतल्या कुटुंबांना करदात्यांच्या पैशातून मदत का द्यायची? लोक आळशी होत नाहीत का?

द्यायलाच हवी, आणि आळशीपणाची भीती चुकीच्या जागी आहे.

महाराष्ट्रातली बालसंगोपन योजना बघा. आई किंवा वडील वारलेत, दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेत, अशा घरातल्या 18 वर्षांखालच्या मुलासाठी महिना 2,250 रुपये मिळतात. 2023 पर्यंत 1,100च होते. दिवसाला 75 रुपये पडतात. तेवढ्यावर कोणतीही आई मजुरी सोडून घरी बसत नाही, पण वह्या, एसटीचा पास, तापाचं औषध निघतं आणि मूल आईजवळ राहतं. तेच मूल बालगृहात गेलं तर इमारत, अधीक्षक, स्वयंपाकी हा सगळा खर्च शेवटी समाजावरच येतो. 2015 चा बाल न्याय कायदाही संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानतो.

काम करणाऱ्याला खरी शिक्षा होते ती उत्पन्नाच्या अटीने. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिना 1,500 रुपये मिळतात, पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21,000च्या आत हवं. रोजची 300 रुपये मजुरी धरली तर 70 दिवसांत तेवढे होतात. म्हणजे जास्त दिवस कामाला गेली की ती अपात्र, नाहीतर दाखल्यावर आकडा कमी लिहून घ्यायचा. ही अट आधी वाढवा.

तुमच्या ओळखीत असं घर असेल तर बालसंगोपनाचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात द्यायचा. आई-मुलाचं आधार, मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, पासबुक आणि घरासमोर उभं राहून काढलेला पालक-मुलाचा फोटो लागतो. मग गृहभेट होते आणि बालकल्याण समिती आदेश काढते.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नावावर. मृत्यूच्या दाखल्यावर 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब', मुलाच्या बोनाफाईडवर तिसरंच काहीतरी. अर्ज देण्याआधीच सगळी नावं शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करून घ्या, नंतर विलंब शुल्क आणि परवानग्या मागे लागतात.

दुसरी अडचण बँकेत. आधार खात्याला 'जोडलेलं' असणं पुरत नाही, ते डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, सीड झालेलं लागतं; आधारवर येणारे पैसे याच खात्यात टाकायचे अशी ती नोंद. नंतर दुसऱ्या बँकेत सीडिंग केलं असेल तर पैसे गुपचूप त्या खात्यात जातात आणि बाई इथे महिनोन् महिने पासबुक भरून बघत राहते. बँकेत जाऊन 'माझं आधार कोणत्या बँकेत सीड आहे' एवढंच विचारा.

कमावता माणूस 18 ते 59 वयात गेला असेल आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी 20,000 रुपये मिळतात. त्याचा अर्ज तहसील कार्यालयात. मृत्यूच्या दाखल्याच्या जास्तीच्या प्रती सुरुवातीलाच काढून ठेवल्या तर दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात देता येतात.