मंदीत लवकर कोण सावरतं: मोठी कंपनी की एकटा क्रिएटर?

वळण आधी घेतो तो एकटा क्रिएटर. तग मात्र मोठी कंपनी जास्त काळ धरते. कारण खर्चाचा साचा. कंपनीचे पगार, भाडी, करार आधीच बांधलेले असतात, म्हणून ती आधी भरती थांबवते, मग कपात करते आणि कमाईची पद्धत बदलायला सगळ्यात शेवटी हात घालते. नेटफ्लिक्सचंच बघा. जाहिराती नकोतच, असं वर्षानुवर्षं धरून बसलेली कंपनी. २०२२च्या पहिल्या सहामाहीत सुमारे १२ लाख ग्राहक गळाले, तेव्हा कुठे नोव्हेंबरात जाहिरातींचा स्वस्त प्लॅन आला. क्रिएटर हेच रात्री ठरवतो आणि सकाळी सुरू करतो: प्रायोजक आटले की सशुल्क न्यूजलेटर, नाहीतर एखादा छोटा कोर्स. कुणाची सही लागत नाही. पण त्याची जागा उसनी असते. लांब व्हिडिओंवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के यूट्यूब देतं खरं, पण दरच पडले तर ५५ टक्के कशाचे? गाठीला चार-सहा महिन्यांचा खर्च नसेल, तर नवी वाट कमावती होण्याआधीच तो नोकरी शोधायला लागतो.