अध्यक्ष दरवर्षी नवा, मग काम कोणाचं?

(सार्वजनिक कामाविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं. जून संपत आला, चौकात पदग्रहणाचे फलक लागले की रोटरी-लायन्स या समाजसेवी क्लबांविषयीची पत्रं एकदम वाढतात. या वेळी तीच घेतली आहेत.)

प्रश्न : आमचा रोटरी क्लब तालुक्याच्या गावी आहे. पटावर एकतीस, मीटिंगला आठ-नऊ. साठीच्या आतले मोजकेच. यंदा अध्यक्ष व्हायला कोणी तयार होईना, शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. चार्टर (क्लबचं मान्यतापत्र) परत करून मोकळं व्हावं, असं काही जण उघड बोलतात. तुमचं मत काय? — एक सचिव, सातारा जिल्हा

सचिवसाहेब, चिठ्ठ्या टाकणारा तुमचा पहिला क्लब नाही. आमच्या रोटरी क्लबातही एका वर्षी मीटिंगला न आलेल्या माणसालाच अध्यक्ष करून टाकलं होतं. तो चांगला निघाला.

चार्टर परत करण्याआधी पट तपासा. वर्गणीचं बिल जुलै आणि जानेवारीत, डोकी मोजून येतं, आणि तेही डॉलरच्या हिशेबात. रुपया घसरला की तुमची वर्गणी आपोआप वाढते. म्हणजे लेटरहेडवर शोभेला ठेवलेल्या प्रत्येक नावाचे पैसे जातात, आणि बऱ्याच ठिकाणी ते खजिनदार स्वतःच्या खिशातून भरून वर्षभर मागत फिरतो. एक फरक मात्र करा. मीटिंगला कधीच न येणारा, पण शिबिराच्या आदल्या रात्री फोन केला की टेम्पो पाठवणारा माणूस असतो. त्याला काढू नका. दर मीटिंगला येऊन फक्त जेवणावर टीका करणारा गेला तरी चालेल.

दर आठवड्याला घंटा वाजलीच पाहिजे हा आग्रहही सोडा. २०१६ पासून महिन्यातून किमान दोनदा भेटलात तरी नियमात बसतं, आणि शाळेत जाऊन डोळे तपासलेत तर तीही मीटिंग धरता येते. आमच्यातल्या काही ज्येष्ठांना हे अजून पटलेलं नाही. अध्यक्षाने कॉलर (पदाचा गळपट्टा) घालून 'फोर वे टेस्ट', म्हणजे रोटरीची चार प्रश्नांची कसोटी, म्हटली नाही तर त्यांना आठवडा सुना वाटतो. त्यांच्यासाठी एक मीटिंग साग्रसंगीत ठेवा, दुसरी कामाच्या जागी घ्या.

पण तुमचं खरं दुखणं पटात नाही, मीटिंगमध्येही नाही. ते एका वर्षाच्या खुर्चीत आहे. आणि गंमत अशी की त्याच खुर्चीने हे क्लब जगवलेत.

आपल्या तालुक्यातल्या बाकीच्या संस्था डोळ्यांसमोर आणा. पतसंस्था, शिक्षणसंस्था, दूध संघ. तिथे खुर्चीतला माणूस उठवायला निवडणूक लागते, नाहीतर कोर्ट, नाहीतर यमराज. इथे ३० जून उजाडला की माणूस आपण होऊन कॉलर काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालतो आणि वर हसून फोटो काढतो. घराणेशाही होत नाही, गट पडले तरी वर्षभरात विरघळतात. ही सोय लहान नाही.

पण प्रत्येकाला 'माझ्या वर्षात' काहीतरी हवं असतं. आमच्या क्लबने एका वर्षी वनराई बंधारे घातले. सिमेंटची रिकामी पोती माती भरून, तोंडं शिवून ओढ्यात आडवी रचायची. पाऊस ओसरला पण ओढ्याला धार आहे, अशा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दिवसांतच हे काम होतं. पाणी अडलं, बाजूच्या विहिरींना टिकलं, रब्बीचा हरभरा निघाला. पेपरात फोटो आला. आता हा बंधारा कच्चा असतो. पुढच्या पावसाळ्यात तो फुटतो, पोती फाटतात, आणि दिवाळीच्या आसपास पुन्हा घालावा लागतो. दुसऱ्या वर्षी शेतकऱ्यांचे फोन आले, 'पोती कधी आणताय?' तोवर नवे अध्यक्ष शाळांना टीव्ही वाटण्यात गुंतले होते. त्यातला एक टीव्ही परवा एका शाळेच्या ऑफिसात पाहिला, वर भरतकामाचं कव्हर घालून ठेवला होता.

याच्या उलट पोलिओ घ्या. रोटरीने ते काम १९८५ साली अंगावर घेतलं. भारतात १९९५ च्या डिसेंबरात पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली. एसटी स्टँडवरच्या बूथवर टेबल मांडणं, आशाताई-अंगणवाडीताईंना चहा-नाश्ता पोचवणं, बर्फाच्या डब्यासाठी मोटरसायकल पळवणं, बाळाच्या डाव्या करंगळीला मार्करची खूण करणं, हे आमच्या लोकांनी वर्षानुवर्षं केलं. किती अध्यक्ष आले-गेले, कोणी 'हा माझ्या वर्षातला प्रकल्प' म्हटलं नाही. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याजवळ सापडला आणि २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. या कामाला एकाच वर्षाचा मालक असता तर ते १९८६ मध्येच संपलं असतं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच : खुर्ची फिरू द्या, काम फिरवू नका. तुमच्या गावाला लागणारी दोनच कामं निवडा. प्रत्येकाला तीन वर्षांसाठी एक माणूस नेमा, आणि तो त्या काळात अध्यक्ष होणार नाही असं लिहून ठेवा. अध्यक्षाने पैसे आणायचे, हिशेब विचारायचा, भाषणं करायची. तिसरा प्रकल्प कोणी आणला तर 'आधीच्या दोनांतलं कुठलं बंद करू?' असं सरळ विचारा. मी विचारतो. माझ्याविषयी बरं बोलत नाहीत, पण विचारतो.

कागदाचंही याच अंगाने बघा. देणग्यांसाठी क्लबचा वेगळा ट्रस्ट असेल तर अध्यक्ष-सचिवांना पदसिद्ध विश्वस्त करू नका. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदलाचा अहवाल) द्यावा लागतो. दरवर्षी बदलत राहिलात आणि एखादा रिपोर्ट राहिला, की पुढचे सगळे अडकतात. मग कागदोपत्री विश्वस्त म्हणून वारलेली माणसं दिसतात आणि कंपनीचा सीएसआरवाला (समाजकार्याचा निधी देणारा माणूस) फाईल बघून उठून जातो. विश्वस्त पाच-सात वर्षं तेच ठेवा, आणि वर्गणी-जेवणाचं खातं आणि देणग्यांचं खातं यांत रुपयाचीही सरमिसळ नको.

एवढं करूनही दोन कामांना दोन माणसं मिळाली नाहीत, तर मात्र चार्टर खुशाल परत करा. शेजारच्या तालुक्याच्या क्लबात जाऊन काम करता येतं.

प्रश्न : मी २९ वर्षांची, पुण्यातल्या कंपनीचं काम गावाकडच्या घरातून करते. क्लबमध्ये या म्हणून बोलावणं आलंय. पण तिथे सगळे बाबांच्या वयाचे आणि बायकांना 'ऍन' म्हणतात. जाऊ का? — एक वाचक, वाळवा तालुका

ताई, 'ऍन' म्हणजे सदस्याची बायको. तुम्ही सदस्य झालात तर तुम्ही रोटेरियन, आणि कोणी ऍन म्हटलं तर तिथल्या तिथे सुधारा. रोटरीने बायकांना सदस्यत्व खुलं केलं १९८९ मध्ये, तेही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कान पिळल्यावर. त्यामुळे जुन्या क्लबांच्या जिभेला ती सवय राहिली आहे.

जाण्याआधी तीन आकडे लेखी मागा : प्रवेश फी, वर्षाची वर्गणी, आणि जेवणा-सहलींचा वेगळा खर्च. तिसरा आकडा सांगताना लोक खोकतात. तो पहिल्या दोनांहून मोठा असेल तर तो क्लब तुमच्या कामाचा नाही.

दुसरी वाट जास्त बरी वाटते. तुमच्यासारखे आठ जण जमले तर मूळ क्लबच्या छत्राखाली सॅटेलाइट क्लब काढता येतो. वेळ तुमची, जागा तुमची, चहावर भागवा. रोटरॅक्टलाही, म्हणजे रोटरीच्या तरुणांच्या क्लबांनाही, २०२० पासून तिशीची अट राहिलेली नाही. पण आपल्याकडचे रोटरॅक्ट कॉलेजांना बांधलेले असतात, पोरं डिग्री घेऊन पुण्याला गेली की फक्त बॅनर उरतो. म्हणून सॅटेलाइट म्हणतो.

आणि एक : पहिल्याच मीटिंगला तुम्हाला 'सोशल मीडिया तुम्ही बघा' असं सांगतील. नाही म्हणा. काम मागा.

प्रश्न : आमच्या क्लबने गेल्या १ जुलैला रक्तदान शिबिर घेतलं, दीडशे पिशव्या जमल्या. मेमध्ये माझ्याच भावजयीला बाळंतपणात रक्त मिळवताना नाकी नऊ आले. मग या शिबिरांचा उपयोग काय? — एक सदस्य, बारामती

उपयोग आहे, पण तारीख चुकते. १ जुलैला क्लबांचं नवं वर्ष आणि डॉक्टर्स डे. त्या दिवशी आणि १५ ऑगस्ट, २६ जानेवारीला प्रत्येक संस्थेला रक्त द्यायचं असतं, त्यात नेत्यांचे वाढदिवस. पिशवीतलं रक्त ३५ दिवस टिकतं, लाल पेशी वेगळ्या काढून टिकवणाऱ्या द्रावणात ठेवल्या तर ४२ दिवस. प्लेटलेट तर पाचच दिवस. तुमची जुलैची पिशवी मेपर्यंत कशी पुरणार? शिवाय पुरुषाने दिलं की पुढचे ९० दिवस आणि स्त्रीने दिलं की १२० दिवस त्यांना पुन्हा देता येत नाही. एका दिवशी अख्खं गाव उरकलं की नंतर बोलवायला कोणी उरत नाही.

मेमध्ये कॉलेजं बंद, लोक लग्नांत आणि गावाला, ऊन मी म्हणतं, म्हणून शिबिरं होत नाहीत. थॅलेसेमियाच्या (जन्मजात रक्तविकाराच्या) मुलांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना सुट्टी नसते.

रक्तपेढीच्या तंत्रज्ञाला फोन करून विचारा, 'तुम्हाला कधी आणि किती हवं?' आमच्याकडे हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा पलीकडून क्षणभर उत्तरच आलं नाही. आता आम्ही दीडशेचं एक घेत नाही. चाळीस-चाळीसची छोटी घेतो, त्यातलं एक अक्षय्यतृतीयेनंतर, सकाळी सात ते दहा, मंगल कार्यालयाच्या पंख्याखाली. आकडा लहान दिसतो म्हणून डिस्ट्रिक्टच्या (रोटरीच्या विभागाच्या) बक्षिसात नंबर लागत नाही. न लागू दे. हेल्मेट-टिफिनचं आमिषही बंद केलं. भेटवस्तूसाठी आलेला माणूस फॉर्मवर कावीळ लपवतो.

प्रश्न : आमच्या रुग्णसाहित्य केंद्रातून नेलेले वॉकर, बेड परत येत नाहीत. डिपॉझिट वाढवावं का? — एक क्लब, रत्नागिरी जिल्हा

वाढवू नका. ज्याला खरी गरज आहे तोच अडतो. माझं औषधाचं दुकान आहे आणि आमच्या केंद्राची किल्ली दुकानाच्या गल्ल्यात असते, म्हणून अनुभवाने सांगतो : वस्तू लुबाडणारे थोडे. बाकीच्यांची अडचण वेगळी असते. पेशंट गेला की त्या फाउलर बेडकडे (डोक्याची बाजू उचलता येणाऱ्या खाटेकडे) घरच्यांना बघवत नाही, आणि तो उचलून टेम्पोत घालायला माणसंही नसतात. आम्ही तेरावा होईपर्यंत फोन करत नाही. त्यानंतर करतो, आणि 'आणून द्या' न म्हणता 'आम्ही न्यायला येतो' म्हणतो. वस्तू येते, बऱ्याचदा सोबत देणगीही.

वॉकर-काठी परत आली की खालची रबरं आधी बघा. झिजलेल्या रबराचा वॉकर ओल्या फरशीवर सरकतो आणि बरा होत आलेला म्हातारा पुन्हा खुबा मोडून घेतो. रबरं किरकोळ किमतीत मिळतात, डझनभर आणून ठेवा. एअर बेडचा पंप देण्याआधी अर्धा तास चालवून बघा. आणि २०२१ मध्ये मिळालेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारी मशीन) कपाटात असतील, तर कोकणातल्या हवेत ते नुसते ठेवून खराब होतात. ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या आतल्या झिओलाइटच्या दाण्यांना दमट हवा बाधते. महिन्यातून एकदा तरी काही तास चालू ठेवा, बाहेरची जाळी धुऊन वाळवून लावा, आणि शुद्धता मोजायचं यंत्र असलेल्या दुरुस्तीवाल्याकडून वर्षाला तपासून घ्या. मिनिटाला पाच लिटरच्या प्रवाहाला ऑक्सिजन ८५ टक्क्यांच्या खाली आला असेल तर ते मशीन कोणाच्या घरी पाठवू नका.