भाच्यावर एवढा राग का?

ताई, तुमचं सात वर्षांचं पोरगं कार्टूनमधल्या स्क्रॅपी-डू या पिल्लाची ‘पपी पॉवर’ ही आरोळी ठोकत घरभर पळतं. सुट्टीला आलेल्या त्याच्या कॉलेजातल्या मावसभावानं त्याला सांगितलं की स्क्रॅपी-डू हे सगळ्यात भिकार पात्र, त्यानंच स्कूबी-डू बुडवला. पोरगं रडलं. आता तुम्ही विचारताय, हे खरं का, आणि एवढ्याशा कुत्र्याचा लोकांना इतका राग कशासाठी.

बुडवला हे साफ खोटं. झालंय नेमकं उलटं. स्कूबी-डू, म्हणजे स्कूबी हा कुत्रा आणि शॅगी, फ्रेड, डॅफ्नी, वेल्मा ही त्याची चार दोस्त मंडळी यांची भुताखेतांची रहस्यं सोडवणारी कार्टून मालिका, १९६९ ला अमेरिकेत सुरू झाली. दहा वर्षांत लोकांना तिचा साचा पाठ झाला: भूत दिसणार, पळापळ होणार, शेवटी मुखवटा ओढला की आत कुणाची तरी जमीन हडपायला निघालेला एखादा इसम. प्रेक्षक घटले, एबीसी वाहिनी मालिका गुंडाळायच्या बेतात होती. तेव्हा काहीतरी नवं पाहिजे म्हणून ती बनवणाऱ्या हॅना-बार्बेरा कंपनीनं १९७९ ला हे पिल्लू आणलं. त्याची पहिली पटकथा लिहिणाऱ्या मार्क इव्हानियरनं ही हकिगत स्वतःच सांगितलेली आहे. पिल्लू चाललं, मालिका वाचली. गंमत म्हणजे, मुलांना काय दाखवावं हे ठरवणाऱ्या वाहिनीच्या लोकांना तेव्हा ते जरा जास्तच स्वतंत्र बाण्याचं वाटलं होतं!

मग राग कुठून आला? इंग्रजीत नुसतं ‘अंकल’ म्हणून भागतं, पण स्क्रॅपी हा स्कूबीच्या बहिणीचा, रूबी-डूचा मुलगा. म्हणजे नातं मामा-भाच्याचं. हे एकदा कळलं की आपल्याकडच्या माणसाला निम्मं कोडं सुटतं. मे महिन्यात मामाच्या घरी आलेला भाचा बघा. घर मामाचं, पण राज्य त्याचं. मी स्वतः तो भाचा होतो. आमचे मामा कोल्हापुरात मंगळवार पेठेत तालमीत जायचे. त्यांच्याबरोबर गेलो की मी आखाड्याच्या कडेला उभा राहून थोराड पैलवानांना ‘या की, बघतोच एकेकाला’ म्हणायचो, कारण माझी कॉलर मामांच्या हातात आहे हे मला पक्कं माहीत असायचं. भूत दिसलं की स्क्रॅपीचं ‘सोडा मला, सोडा’ हे तेच आहे. स्कूबी त्याला उचलून पळतो म्हणून त्याची मिजास चालते. लहान पोरांना हे आवडणारच, त्यांना रोज कुणीतरी असंच उचलून नेत असतं.

मोठ्यांना खटकतं ते मात्र काही अगदीच खोटं नाही. स्कूबी आणि शॅगी दोघं भित्रे, आणि भिऊनच ते चुकून खऱ्या गुन्हेगाराला अडकवतात, यावर सगळा खेळ उभा. त्यात एक न भिणारं पात्र घातलं की भुताची भीती निम्मी होते. पांढऱ्या रश्श्यात तिखट घातल्यासारखं, तिखटाचा दोष नाही, पण तो पांढरा रस्सा राहिला नाही. शिवाय तीच तीच वाक्यं. दर भागात तुतारीसारखा तोच सूर, तीच आरोळी. चार भाग सलग बघितले तर माझंही डोकं उठतं.

पण खरा घाव १९८० चा. त्या वर्षी अर्ध्या तासाची गोष्ट गेली, सात-सात मिनिटांचे तुकडे आले, आणि फ्रेड, डॅफ्नी, वेल्मा तिघांना बाहेर बसवलं. उरले शॅगी, स्कूबी आणि स्क्रॅपी. रहस्य गेलं, मुखवटे गेले, भुतं खरीच निघायला लागली. डॅफ्नी परत आली ती थेट १९८३ ला. आता हा निर्णय घेतला कुणी? वाहिनी आणि कंपनीच्या कचेरीत बसलेल्यांनी. पण पडद्यावर त्यांचं तोंड दिसत नाही, दिसतं पिल्लाचं. घरातली जुनी माणसं गेली आणि भाचा तेवढा राहिला, म्हटल्यावर बोट कुणाकडे जाणार!

(जाता जाता: पहिल्या वर्षी स्क्रॅपीला लेनी वाइनरिबनं आवाज दिला, आणि १९८० पासून डॉन मेसिकनं. मेसिक मुळात स्कूबीचाच आवाज. म्हणजे पुढची सगळी वर्षं मामा-भाच्याची ती बडबड एकच माणूस स्वतःशी करत होता. लई भारी काम.)

आमच्या पिढीला कोल्हापुरात हा राग माहीतच नव्हता. कार्टून नेटवर्क भारतात १९९५ ला आलं, आमच्या गल्लीत केबलवाल्याच्या कृपेनं जरा उशिरा. तिथं १९६९ चं आणि १९८० चं सगळं उलटसुलट लागायचं. आज वेल्मा आहे, उद्या नाही, आम्ही म्हणायचो गावाला गेली असेल. कोण आधी आलं, कुणामुळे कोण गेलं, असला हिशोबच नव्हता. मला स्क्रॅपीचा राग करायला शिकवलं ते २००२ च्या सिनेमानं. तिथं तर शेवटी तोच खलनायक निघतो. मग २०१० च्या मालिकेत फ्रेड म्हणतो की त्याचं नाव काढायचं नाही असं आपलं ठरलंय. आता तर कुठल्याही मालिकेतल्या नकोशा पात्राला इंग्रजी चाहते ‘स्क्रॅपी’च म्हणतात. पोराचं नावच शिवी झालं. तुमच्या भाच्याचा जन्म बहुतेक त्या सिनेमाच्या आसपासचा किंवा नंतरचा, म्हणजे त्याचा राग उसना आहे. त्यानं १९७९ चे सोळा भाग बघितलेत का, एवढं विचारा. त्यांत पाचही जुनी मंडळी आहेत आणि पिल्लू त्यांच्यात बऱ्यापैकी मिसळलंय.

धाकट्याला तेच सोळा भाग लावून द्या, दिवसाला एक, नाहीतर ‘पपी पॉवर’नं तुमचंच डोकं उठेल. दोघांना एकत्र बसवलंत तर उत्तम, थोरला पहिली दहा मिनिटं नाक मुरडेल. फक्त तो २००२ चा सिनेमा धाकट्याला इतक्यात दाखवू नका. त्यात फ्रेड आणि मंडळी पिल्लाला गाडीतून उतरवून भर वाळवंटात सोडून निघून जातात, आणि तिथं हसायचं असतं.