घरी ओव्हन नसताना शोरमा आणि गायरो गाड्यावरच्यासारखे कसे करावेत?

आपण लिहिले आहे की निपाणीत आपल्या घरी ओव्हन नाही, फक्त गॅस, कुकर आणि बिडाचा तवा आहे. मसाला मोजून घालूनही शोरमा कोरडा किंवा चिकनच्या सुक्यासारखा होतो, आणि गायरो करून पाहण्याचीही इच्छा आहे. मी बेळगावात राहतो आणि हे दोन्ही पदार्थ घरी ओव्हनशिवायच करतो. त्या अनुभवावरून माझे ठाम मत असे झाले आहे की आपली अडचण मसाल्याची नसून मांस रचण्याची आणि भाजण्याची आहे.

तुर्कस्तानातील बुर्सा शहराशी जोडल्या जाणाऱ्या, एकोणिसाव्या शतकात रूढ झालेल्या, मांस उभ्या फिरत्या सळईवर रचून भाजण्याच्या पद्धतीतून डोनर कबाब आला. अरब प्रदेशांत त्याचा शोरमा झाला, आणि 1922 नंतर आशिया मायनरमधून ग्रीसमध्ये आलेल्या निर्वासितांबरोबर तीच पद्धत तेथे पोहोचून गायरो म्हणून रुजली. तिन्हींचे मसाले वेगळे असले तरी कृती एकच आहे: मांसाच्या पातळ पट्ट्या एकमेकींवर घट्ट रचायच्या, मधून मधून चरबी ठेवायची, आणि बाहेरचा थर खरपूस झाला की तेवढाच कापून घ्यायचा. त्यामुळे प्रत्येक कापाला एक कडा खरपूस आणि आतली बाजू रसाळ मिळते. आपण चिकनचे लहान तुकडे दह्यात मुरवून एकदम तव्यावर टाकले की दह्याचे आणि मांसाचे पाणी सुटते, तवा थंड पडतो आणि तुकडे भाजण्याऐवजी शिजतात. पुढे ते पाणी आटेपर्यंत मांसातला ओलावाही निघून जातो.

म्हणून घरी हे काम दोन टप्प्यांत करावे. एक किलो चिकन घेताना दुकानदाराला मांडीचे बोनलेस मागावे, छातीचे नको, कारण छातीचे मांस थोडे जास्त शिजले तरी चरबीअभावी कोरडे पडते, तर मांडीचे मांस पाच-दहा मिनिटे जास्त शिजले तरी बिघडत नाही. थोडी कातडी मिळाल्यास तीही आणावी. जाड भाग लाटण्याने हलकेच ठेचून सपाट करावा. त्याला 15 ग्रॅम, म्हणजे साधारण अडीच चहाचे चमचे, बारीक मीठ लावावे. मग अर्धी वाटी चक्का, दोन मोठे चमचे लिंबाचा रस, दोन मोठे चमचे तेल, आठ-दहा लसूण पाकळ्यांचे वाटण आणि मसाला चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. पातळ दही अजिबात वापरू नये, आणि मांस जास्त मऊ होईल म्हणून लिंबू वाढवूही नये. आंबटपणा जास्त झाला की मांसाचा बाहेरचा थर पिठूळ लागतो.

दुसऱ्या दिवशी कुकरच्या सरळ कडांच्या डब्याला आतून तेल लावून त्यात हे तुकडे थराथराने दाबून बसवावेत, कातडी मध्ये मध्ये पसरावी आणि हवेची पोकळी राहू देऊ नये. डब्यावर घट्ट झाकण ठेवून, कुकरची शिटी काढून, मध्यम आचेवर साधारण एक तास वाफवावे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी 75 अंश सेल्सिअस तापमान दिसले पाहिजे. नसेल तर आणखी दहा-पंधरा मिनिटे खुशाल वाफवावे. डब्यात साठलेला रस वाटीत ओतून बाजूला ठेवावा. तो टाकून देणे हा गुन्हाच समजावा. मांसावर बशी आणि बशीवर स्वच्छ वरवंटा ठेवून, डबा गार पाण्याच्या परातीत थंड करावा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये हलवावा. रात्रभर दाबाखाली राहिल्यावर सगळ्या थरांची एकसंध वडी होते आणि धारदार सुरीने तिचे कागदासारखे पातळ काप निघतात.

शेवटचा टप्पा तव्याचा. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवून, थोडे तेल सोडून, काप एका थरात पसरावेत आणि एकच बाजू तांबूस होऊ द्यावी, मग उलटून लगेच तो वाटीतला रस शिंपडून उतरवावेत. तव्यावर गर्दी करू नये. चौघांसाठी करताना तीन-चार घाणे काढावे लागतात, त्याला इलाज नाही.

मसाल्याच्या बाबतीत आपल्या भागाचे एक भाग्य आहे. मूळ कृतीत पॅप्रिका, म्हणजे सौम्य लाल मिरचीची पूड, लागते, आणि रंग भरपूर पण तिखटपणा कमी ही तिची जागा ब्याडगी मिरची उत्तम भरून काढते. संकेश्वरी मिरची मात्र या कामाची नाही. तिचा झणका बाकी सगळ्या वासांवर बसतो. एक किलोला एक मोठा चमचा ब्याडगी पूड, दोन-दोन चहाचे चमचे भाजलेले जिरे आणि धने, एक चमचा मिरी, अर्धा चमचा दालचिनी, अर्धा चमचा हळद, पाव चमचा वेलची, आणि चिमूटभर लवंग व जायफळ पुरे. परदेशी कृतींत सांगितलेला ऑलस्पाइस लवंग, दालचिनी आणि जायफळ यांच्या एकत्रित वासाच्या जवळचा असतो, त्यामुळे तो शोधत बेळगावची रविवार पेठ पालथी घालण्याचे कारण नाही. घरातला कांदा-लसूण मसाला घालण्याचा मोह होतो, पण तो घातला की जे तयार होते ते रुचकर असले तरी शोरमा नसतो.

ग्रीसमध्ये गायरो बहुधा डुकराच्या मांसाचा, किंवा चिकनचा, पट्ट्या रचूनच करतात. दळलेल्या मांसाचा शंकू ही अमेरिकेतील ग्रीक दुकानदारांची पद्धत आहे, पण मटण खाणाऱ्या घराला तीच सोयीची. खाटकाकडून चरबीसकट एक किलो खिमा दोनदा काढून घ्यावा, त्यात पिळून कोरडा केलेला किसलेला कांदा, 15 ग्रॅम मीठ, लसूण, मिरी आणि दोन चमचे सुका ओरेगानो घालावा आणि खिमा थंड असतानाच मिक्सरमधून थोडा थोडा फिरवून चिकट लगदा करावा. हा चिकटपणा मिठाने मोकळ्या झालेल्या प्रथिनांचा असतो आणि त्यानेच वडी धरून राहते. खिमा कोमट झाला तर चरबी सुटते आणि काप भुगा होऊन पडतात. पुढचे वाफवणे, दाबणे आणि तव्यावर परतणे चिकनप्रमाणेच.

सोबतच्या त्झात्झिकीसाठी, म्हणजे दही-काकडीच्या ग्रीक सॉससाठी, श्रीखंडाला बांधतो तसा चक्का बांधावा. काकडी किसून, मीठ लावून, घट्ट पिळून त्यात मिसळावी. लसूण, थोडे व्हिनेगर आणि ऑलिव्ह तेल घालावे. साखर, दाण्याचे कूट आणि फोडणी यांपैकी काहीही नको, नाहीतर ती कोशिंबीर होईल.

शोरम्याच्या पांढऱ्या सॉससाठी कच्च्या अंड्याचे मेयोनेज मी घरी करत नाही. केरळने जानेवारी 2023 मध्ये त्यावर बंदी घातली, पुढे तेलंगणा आणि तमिळनाडूनेही घातली. म्हणजे आपल्या कर्नाटकाच्या तीन शेजारी राज्यांनी ते धोक्याचे मानले आहे. मे 2022 मध्ये कासरगोड जिल्ह्यात शोरम्यातून विषबाधा होऊन एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला होता, हेही लक्षात ठेवावे. लेबनॉनकडचा तूम हा सॉस बिनअंड्याचाच असतो: शंभर ग्रॅम सोललेला लसूण आणि एक चमचा मीठ मिक्सरमध्ये अगदी बारीक करून, त्यात सूर्यफुलाचे सुमारे 350 मिलिलिटर तेल अतिशय बारीक धारेने आणि मधून मधून एका लिंबाचा रस सोडत जावे. भांडे तापू लागले की थांबावे, कारण उष्णतेने तेल फुटते. घाण्याचे शेंगतेल इतर वेळी मलाही प्रिय आहे, पण येथे त्याचा वास लसणावर मात करतो. हा सॉस फ्रिजमध्येच ठेवावा आणि आठवड्याच्या आत संपवावा.

पोळीत गुंडाळल्यास सॉसने ती भिजून फाटते आणि भाकरी वळवताच तडकते. अर्धा किलो मैदा, एक चमचा यीस्ट, सव्वा चमचा मीठ आणि 300 मिलिलिटर कोमट पाणी यांची कणीक दुप्पट फुगवावी आणि त्याच तव्यावर भाजावी: शोरम्याला पातळ, गायरोला जाड आणि वरून तेल लावून. पावसाळ्यात आपल्याकडच्या गारठ्याने कणीक फुगायला दुप्पट वेळ लागतो. गायरोत टोमॅटो, कांदा, त्झात्झिकी आणि बटाट्याचे तळलेले काप घालतात. शोरम्यात सलगमाचे लोणचे असते, त्याऐवजी मुळ्याचे तुकडे बिटाच्या दोन फोडींबरोबर समप्रमाण पाणी-व्हिनेगर आणि मिठात दोन दिवस ठेवावेत.

उरलेली वडी काप न करता तीन दिवस फ्रिजमध्ये टिकते. काप करून, मध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवल्यास महिनाभर वापरता येतात; ते न वितळवता सरळ तापलेल्या तव्यावर टाकावेत.