अपयशाच्या दिवशी काय करावे

नव्याने काम सुरू करताना यश केवळ पदावर आणि पैशावर मोजू नका, कारण या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी परिस्थितीच्या हाती असतात. आपले वागणे मात्र आपल्याच हाती असते. अंटार्क्टिकाच्या मोहिमांसाठी ओळखले जाणारे शोधप्रवासी अर्नेस्ट शॅकल्टन यांचे उदाहरण पाहा. १९१५ मध्ये ‘एन्ड्युरन्स’ हे जहाज बर्फात चिरडून बुडाले आणि अंटार्क्टिका ओलांडण्याचा त्यांचा बेत धुळीला मिळाला, तेव्हा त्यांनी सोबत्यांना सुखरूप घरी नेणे हेच ध्येय मानले, आणि जहाजावरील सर्व २८ जण वाचले. मूळ हट्ट सोडण्याचे ते धैर्य मला विजयापेक्षाही मोलाचे वाटते. तुमच्या हातून चूक झाली, तर ती वरिष्ठांना त्याच दिवशी, स्वतःहून, कोणतीही सबब न जोडता सांगा. जीव कासावीस होईल, तरीही दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर हजर राहा.