पोर्तुगालचे राजवाडे ग्रुप टूरने पाहावेत का?

लिस्बनमध्ये चार दिवस आहात, जवळच्या सिंत्रा आणि माफ्रा गावांतले राजवाडे ग्रुप टूरने करावेत का, असं तुम्ही विचारलंय. नका करू.

मी वसईचा. बाबांना घेऊन गेलो होतो. वय ७२, जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. पहिल्या दिवशी टूरच घेतली. सिंत्राच्या जुन्या राजवाड्यात (दोन उंच पांढऱ्या धुराड्यांचा तो) चाळीस मिनिटं मिळाली. सहाव्या अफोन्सो राजाला सख्ख्या भावाने १६८३ मध्ये मरेपर्यंत जिथे कोंडून ठेवलं, ती खोली तिथे आहे. येरझाऱ्या घालून त्याने फरशी झिजवली असं सांगतात. बाबा वाकून ती फरशी बघत होते आणि गाईडने टाळ्या वाजवल्या, बस सुटतेय म्हणून. बाबा गप्प उठले. मला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी लिस्बनच्या काम्पो ग्रांदेहून साधी बस पकडून दोघंच माफ्राला गेलो. पोर्तुगालचा राजा पाचवा जुआंव याने १७१७ मध्ये ब्राझीलच्या सोन्यावर बांधायला काढलेला राजवाडा, मठ आणि चर्च, सगळं एकाच इमारतीत. ग्रंथालयात जवळपास ३६ हजार पुस्तकं आहेत आणि त्यांना कसर लागू नये म्हणून वटवाघळं राहू दिली आहेत. रात्री बाहेर पडून ती किडे खातात. पण बाबा अडकले ते चर्चपाशी. त्या चर्चचा अभिषेक १७३० चा. "म्हणजे १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा हाच जुआंव गादीवर!" असं म्हणून ते मनोऱ्यांतल्या घंटांकडे बघत राहिले. मग अर्धा तास आमच्याकडच्या घंटांवर बोलले. फिरंग्यांकडून मराठ्यांनी आणलेल्या, मेणवलीच्या घाटावरची, नाशिकला नारोशंकराच्या देवळातली, भीमाशंकरची. परतल्यावर पहिल्याच रविवारी मला मेणवलीला गाडी काढायला लावली.

माझा थोरला भाऊ अजून म्हणतो, ज्यांनी लुटलं त्यांचे वाडे बघायला पैसे कशाला घालायचे, आणि बाबांना हे झेपणार नव्हतंच. दादा, झेपलं. माफ्राचे जिने ते माझ्या आधी चढले. आणि लुटीचं सोनं कुठे मुरलं, हे समोर उभं राहून बघितलेलं बरं. लहानपणी वसईच्या किल्ल्यात क्रिकेट खेळताना आपण कधी विचारलं होतं, हा बांधला कोणी?

सिंत्राचाच पेनाचा रंगीत महाल एकोणिसाव्या शतकातला, फोटोला छान. तिकिटावर वेळ असते, सकाळची पहिली घ्या. वेळ असेल तर केलूशच्या राजवाड्यातही जा. ब्राझीलचा पहिला सम्राट पेद्रू १७९८ मध्ये ज्या खोलीत जन्मला, १८३४ मध्ये तिथेच गेला. सिंत्राला लिस्बनच्या रोसियू स्टेशनवरून लोकल आहे, गाडी मुळीच नेऊ नका.

बरोबर तान्हं मूल असेल किंवा कोणाचे गुडघे धरलेले असतील, तर मात्र टूरच बरी, चढ खूप आहेत. आणि माफ्रा मंगळवारी बंद असतं.