चपलासुदीक

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार.

मी तलाठी आहे. कागदावर आता ‘ग्राम महसूल अधिकारी’, पण गावात तलाठी मॅडमच. सिंदफणेकाठची तीन गावं माझ्या सजात येतात. कॉलेजात असताना रोज काहीतरी लिहायचे, एकदा जिल्ह्याच्या पेपरात छापूनही आलं होतं. नोकरीला नऊ वर्षं झाली. फेरफार, दाखले, ई-पीक पाहणी, निवडणुकीचं काम, मधे दोन मुलं. आता रात्री अकराला वही उघडली की हात ‘सदर’नेच सुरू होतो. परवा बहिणीला आईच्या तब्येतीचं कळवताना मी लिहिलं, ‘डॉक्टरांकडून तपासणी करण्यात आली असून प्रकृती समाधानकारक असल्याचे सांगण्यात आले.’ तिनं नुसता हसरा चेहरा पाठवला. मला रडू आलं.

अतिवृष्टीच्या पंचनाम्यांवर दिवाळी अंकासाठी लेख लिहायला घेतलाय. मैत्रीण म्हणाली, मोबाईलवर एआयला दे, नीट करून देतं. दिला. गुळगुळीत झाला, पण माझा वाटेना. दोन्ही खर्डे सोबत जोडले आहेत. वेळ नाही, हे तर आहेच. पण माझी भाषा परत येईल का?

– एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : तुमच्या बहिणीला मी नावं ठेवणार नाही, मलाही हसू आलं. आणि लगेच आत्या आठवली.

मी बँकेत 31 वर्षं काढली. 1996 च्या मार्चात आत्याचे यजमान गेले. मार्चएंड म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातानं उघडत मी तिला अंतर्देशीय पत्र लिहिलं : ‘आपले दि. 12 चे पत्र पोहोचले. मजकूर समजला. तीव्र दुःख झाले. प्रकृतीची योग्य ती काळजी घ्यावी.’ खाली सही, तीसुद्धा बँकेतली, आडवी रेघ ओढलेली. आत्या वाईची, शाळा चौथीपर्यंत. आठवड्यानं तिचं पोस्टकार्ड आलं. त्यात दोनच वाक्यं होती : ‘बँकेचं पत्र मिळालं. तुझं कधी येतंय?’

ते कार्ड बरेच दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. लाज वाटायची म्हणून खाली, पासबुकांच्या गठ्ठ्याखाली.

तर ‘सदर’. बिचाऱ्या शब्दाचा यात काही दोष नाही. वाड्याची सदर असते, तिथं माणसं बसतात, बोलतात. हे मी लिहितेय तेही सदरच. पंचनाम्यातला ‘नामा’, महसूल, दाखला हे सगळे शब्द फारसी-अरबीच्या वाटेनं आले आणि शेताच्या बांधावर आपल्याच घरचे होऊन बसले. शासनानं 1960 साली भाषा संचालनालय काढलं, पुढं कोश निघाले, पदनामं घडवली गेली, त्यांची टिंगलही भरपूर झाली. पण शब्द बदलून तुमचं दुखणं जाणार नाही. ‘सदर’ काढून ‘हा’ घातलात तरी ‘तपासणी करण्यात आली’ तिथंच राहतं. अहो, कुणी केली? तुमच्या आईला स्टूलवर कुणी बसवलं, ती डॉक्टरला काय म्हणाली, पदर सावरला की नाही? त्या वाक्यात कुणी माणूसच नाही.

कचेरीत ते बरोबर आहे, हेही सांगून ठेवते. पीक 33 टक्के किंवा त्याहून जास्त गेलंय की नाही, यावर एखाद्या घराची मदत ठरते, तिथं तलाठ्याला गहिवरून चालत नाही. कृषी सहायक, ग्रामसेवक आणि तुम्ही, तिघांना एकाच भाषेत सही करायची असते. ती भाषा कामाची आहे. फक्त ती घरी येताना चपला बाहेर काढत नाही.

चपलांवरून आठवलं. तुमच्या पहिल्या खर्ड्यात, चौथ्या पानावर, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं वाक्य आहे. सोयाबीनच्या रानात तुम्ही पाय टाकणार, तेवढ्यात ते म्हणतात, ‘मॅडम, चपला काढून हातात घ्या. औंदा रान चपलासुदीक खातंय.’ मी ते वाक्य तीनदा वाचलं. मग एआयनं नीट केलेल्या खर्ड्यात ते शोधत बसले. तिथं असं आहे : ‘शेतजमिनीची अवस्था इतकी बिकट होती की त्यावरून चालणेही कठीण झाले होते.’

चूक एकही नाही. कुठल्याही वर्तमानपत्रात खपेल. पण म्हाताऱ्याला रानातून हाकलून दिलं की हो. त्याचं अख्खं पीक गेलंय आणि तो तुमच्या चपलांची काळजी करतोय, वर थट्टाही करतोय. हे तुम्ही ऐकलंत, रात्री अकराला थकलेल्या हातानं उतरवलंत, आणि तरी मला विचारताय भाषा परत येईल का! ती गेलीय कुठं? ऱ्हस्व-दीर्घ तपासायला यंत्राला खुशाल द्या. शुद्धलेखनाचे 1962 चे चौदा आणि 1972 चे चार नियम मलाही पाठ नाहीत. वाक्यं मात्र देऊ नका. आणि ‘सुदीक’चं ‘सुद्धा’ कुणालाही करू देऊ नका, संपादकालासुद्धा नाही.

उपाय म्हणाल तर तुमच्याच दप्तरात आहे. पंचनामा झाल्यावर तो पंचांना वाचून दाखवतात ना? वाचून दाखवला, बरोबर आहे, मग सही किंवा अंगठा. लेखाचंही तेच करा. बहिणीला फोन लावा आणि एक पान वाचून दाखवा. जिथं ती हसेल किंवा ‘म्हणजे काय गं?’ म्हणेल, तिथं पेन्सिलीनं खूण. माझ्यासाठी हे काम आत्यानं केलं, पुढं बारा वर्षं. सुट्टीत वाईला गेले की ती गव्हले वळत ऐकायची. बँक शिरली की हात थांबायचे. बोलायची नाही.

वेळेबद्दल फार बोलत नाही, कारण तो मिळत नाही. दर जानेवारीत मी जाड पुठ्ठ्याची डायरी आणायचे. संक्रांतीपर्यंत टिकायची. टिकलं ते वेगळंच. बँकेत कडेला भोकं असलेले लांबलचक कागद छापून यायचे, रद्दीत जाणाऱ्यांपैकी पाठकोरे मी मागून घ्यायचे, चार घड्या घालून पर्समध्ये. परतीच्या एसटीत त्यावर एकच गोष्ट लिहायची : आज कुणीतरी बोललेलं वाक्य, त्याच्याच तोंडचं, जसंच्या तसं. ‘मला काय वाटलं’ याला बंदी. खड्ड्यांमुळे अक्षर असं यायचं की काही वाक्यं आजही लागत नाहीत. कधी आठवडाभर काही नाही, कधी एका दिवशी पाच. लेख त्यातून रविवारी व्हायचा, किंवा व्हायचा नाही. तुम्ही तर दिवसभर माणसांत असता. दाखल्याच्या रांगेत जेवढी मराठी कानावर पडते तेवढी मला बँकेच्या काउंटरवर महिन्यातही मिळत नव्हती.

लेखाचं म्हणाल तर पहिली तीन पानं काढून टाका. त्यात पावसाची आकडेवारी आहे आणि प्रशासन कसं सज्ज होतं ते आहे. चौथ्या पानापासून सुरू करा. शेतकऱ्याचं नाव, गट क्रमांक, गावाचं नाव घालू नका. त्यांनी ते तलाठ्याला दिलंय, दिवाळी अंकाला नाही. आणि लवकर पाठवा, संपादक मंडळी श्रावणातच दिवाळी साजरी करून मोकळी होतात.

एक राहिलंच. चपला हातात घेतल्या असतील, तर मग मोबाईल, छत्री आणि पंचनाम्याचे कागद कुणी धरले? खर्ड्यात ते नाही. त्या आजोबांनी धरले असतील, असा माझा अंदाज आहे. कळवा.